सगळ्या मुलींची एकच अपेक्षा

मी जावा शिकत होते तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुलीचं काय करायचं, या प्रश्नाला तेव्हा कोल्हापुरात दोन उत्तरं होती. एक लग्न आणि दुसरं कॉम्प्युटर. माझ्या वडिलांनी दोन्ही एकदम सुरू केली. सकाळी मी राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये जायचे आणि संध्याकाळी घरी आले की कुणीतरी चहा पीत माझी उंची विचारत बसलेलं असायचं.

इन्स्टिट्यूट म्हणजे टायपिंगच्या क्लासवरची एक खोली. आत आठ कॉम्प्युटर होते, त्यातले सहा चालायचे. चपला बाहेर काढाव्या लागत, कारण धुळीतून व्हायरस येतो असं मालकांचं ठाम मत होतं. आमचे सर मात्र हुशार होते. पन्हाळ्याहून रोज एसटीनं यायचे, बस चुकली तर दुधाच्या गाडीनं यायचे, पण तास चुकवायचे नाहीत.

एके दिवशी सरांनी स्टॅटिक शिकवलं. म्हणाले, "क्लास म्हणजे कोरा अर्ज. त्यावरून भरलेला एकेक अर्ज म्हणजे ऑब्जेक्ट. प्रत्येक अर्जावर ज्याचं त्याचं नाव, ज्याची त्याची उंची. ही झाली इन्स्टन्स फील्ड. पण एखाद्या फील्डच्या आधी स्टॅटिक लिहिलं, की ते कुणा एकाचं राहत नाही. सगळ्या ऑब्जेक्टमध्ये मिळून ते एकच असतं. तुमच्या वह्या ज्याच्या त्याच्या, पण फळा एकच की नाही? मी फळ्यावरचं पुसून नवीन लिहिलं तर ते तुम्हा सगळ्यांसाठीच बदलतं."

मी हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरून घेतलं, परीक्षेत जसंच्या तसं लिहिलं आणि दहापैकी दहा गुण मिळवले. मला त्यातलं काही कळलेलं नाही हे सरांनाही कळलं नाही आणि मलाही.

त्याच महिन्यात गुरुजी आमच्या घरी आले. गुरुजी म्हणजे वडिलांच्या ओळखीचे एक निवृत्त हेडमास्तर. आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा दरवर्षी तेच भरवायचे. अंगात पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत लग्नाच्या मुलींचे अर्ज. वर्षानुवर्षं ते या अर्जांवरून हातानं यादी करत आणि मग ती छापून तिची पुस्तिका मेळाव्यात वाटत. आता त्यांचे डोळे दुखायला लागले होते.

"तुझ्या कॉम्प्युटरवर मुली लावता येतील काय?" त्यांनी मला विचारलं.

"लावायच्या म्हणजे?" वडिलांनी जरा दचकून विचारलं.

"तालुक्याप्रमाणं. मग त्यात शिक्षणाप्रमाणं. मेळाव्यात माणसं येऊन विचारत्यात, गुरुजी, करवीर तालुक्यात पदवीधर कोण हाय बघा. मी शंभर पानं चाळत बसतो."

"येईल की," वडील म्हणाले. "दोन कोर्स झालेत तिचे. बसूनच असती."

मला जावाची नवी धुंदी होती. मी पिशवी ठेवून घेतली. सर म्हणाले, चांगला सराव होईल, करा. मी मुलगी नावाचा क्लास लिहिला. त्यात नाव, गाव, वय, उंची, शिक्षण अशी फील्ड टाकली. अर्जांवरची माहिती मी एका फाईलमध्ये टाइप करायची, प्रोग्रॅमनं ती वाचून प्रत्येक मुलीचा एक ऑब्जेक्ट करायचा, सगळे क्रमानं लावायचे आणि यादी बाहेर काढायची. पंच्याऐंशी अर्ज होते. त्यात एक माझाही होता. तो वडिलांनी भरला होता आणि त्यात माझी उंची दोन इंचांनी वाढली होती. मी ती तशीच टाइप केली. घरची माणसं एवढं म्हणतायत तर असेल, म्हटलं.

काम होत आलं आणि गुरुजी पुन्हा आले. या वेळी त्यांच्या हातात उशिरा आलेला एकच, शहाऐंशीवा अर्ज होता. गडहिंग्लजच्या एका मुलीचा. पुढची बाजू नेहमीसारखी होती: बी.कॉम., वडील मिरचीचे व्यापारी, घरी थोडी शेती. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईत ठळक अक्षरांत दोन वाक्यं लिहिली होती.

'मुलाला स्वयंपाक यायला पाहिजे. चहा म्हणजे स्वयंपाक नव्हे.'

मी हसले. गुरुजी हसले नाहीत.

"हिनं हे अर्जाच्या पाठीवर का लिवलं, सांग," ते म्हणाले.

"का?"

"पुढं जागाच न्हाय. मुलांच्या अर्जात अपेक्षा म्हणून रकाना हाय, मुलींच्या अर्जात न्हायच. एवढी वर्षं मेळावा घेतोय, माझ्या ध्यानातच आलं न्हाय हे. आता हिला रकाना द्यायचा तर सगळ्यांना द्यायला पायजे."

मुलांच्या अपेक्षा मला माहीत होत्या. मुलांची पुस्तिका गुरुजींनी आधीच छापून घेतली होती आणि ती मी चाळली होती. सुशिक्षित, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच चार शब्द, फक्त त्यांचा क्रम कुठेकुठे बदललेला. ती पुस्तिका हातानं केलेली होती, तिच्यात कुठलाच प्रोग्रॅम नव्हता.

गुरुजींनी मग आठवडाभर घरून फोन केले. बहुतेक ठिकाणी बाप फोन उचलायचा आणि म्हणायचा, तिची कसली अपेक्षा गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं. गुरुजी म्हणायचे, पोरीकडं फोन द्या. मग ती लाजायची. गुरुजी थांबायचे. त्यांनी आयुष्यभर वर्गात उत्तराची वाट बघितलेली होती, त्यामुळे थांबायला ते कंटाळत नसत. शेवटी ती मुलगी काहीतरी बोलायची आणि गुरुजी ते वहीत उतरून घ्यायचे. एकीनं सांगितलं, घरात नळाचं पाणी असावं. एकीनं सांगितलं, सासू कमी बोलणारी असावी. एक म्हणाली, कोल्हापूर सोडून कुठंही चालेल. दुसरी म्हणाली, कोल्हापूर सोडून कुठंही चालणार नाही. एकीला बी.एड. पूर्ण करायचं होतं. एकीला मुलगा हसरा हवा होता, बाकी काही नको.

मलाही गुरुजींनी विचारलं. मी समोरच बसले होते, तरी त्यांनी वही उघडून, पेनचं टोपण काढून, रीतसर विचारलं. मला काही सुचेना. मी म्हटलं, "सांगेन नंतर." त्यांनी तेच लिहिलं.

मी सगळ्या अपेक्षा फाईलमध्ये टाइप केल्या. गडहिंग्लजचा अर्ज गुरुजी सगळ्यांना दाखवत हिंडत होते, त्यामुळे तो माझ्याकडे सगळ्यात शेवटी परत आला आणि फाईलमध्येही शेवटीच बसला.

मग मी मुलगी या क्लासमध्ये अपेक्षा हे नवीन फील्ड घातलं. शुक्रवार दुपार होती, रविवारी मेळावा. घाईघाईत मी मुख्य प्रोग्रॅममध्ये नुसतंच अपेक्षा असं लिहिलं. कुठल्या मुलीची अपेक्षा, हे लिहायचं राहून गेलं. कॉम्प्युटरनं एरर दिली. इंग्रजीत होती ती. अर्थ असा, की अपेक्षा स्टॅटिक नाही आणि तुम्ही तिला स्टॅटिक ठिकाणाहून हाक मारताय. खरं म्हणजे तो विचारत होता, कोणाची अपेक्षा? मला वाटलं, तो स्टॅटिक मागतोय. मी अपेक्षाच्या आधी स्टॅटिक हा शब्द लिहिला. एरर गेली.

प्रोग्रॅम तपासायला हवा एवढं मला कळत होतं. मी फक्त माझा एकटीचा अर्ज घालून तो चालवला. नाव बरोबर, उंची दोन इंच जास्त, अपेक्षा 'सांगेन नंतर'. सगळं जिथल्या तिथं. मी खूश झाले.

मग सगळी फाईल लावली आणि यादी बाहेर काढली. त्या काळी जावामध्ये मराठी अक्षरं नीट दिसत नसत. आम्ही एका मराठी फॉन्टच्या हिशेबानं टाइप करायचो आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. एका अर्जाची खिचडी मी टाइप केलेल्या अक्षरांशी ताडून बघता आली होती, शहाऐंशी अर्जांची नाही. फॉन्ट चढवला की त्याचं मराठी व्हायचं, आणि फॉन्ट चढवायचं काम छापखान्याचं होतं. शनिवारी दुपारी मी फ्लॉपी गुरुजींना दिली, गुरुजींनी ती छापखान्यात दिली आणि ते मंगल कार्यालयात खुर्च्या लावायला गेले. यादी कुणीच वाचली नाही.

रविवारी सकाळी मी इन्स्टिट्यूटचा एक कॉम्प्युटर घेऊन रिक्षानं कार्यालयात पोचले. मॉनिटर मांडीवर होता. व्यासपीठावर एका टेबलावर तो मांडला, तर दोन बायकांनी येऊन त्याला हळदकुंकू लावलं. कुणी काही विचारलं की मी शोधून सांगायचं, असं ठरलं होतं. हॉल भरला. गडहिंग्लज, कागल, शिरोळ, कुठून कुठून माणसं आली होती. छापखान्यातून पुस्तिकांचे गठ्ठे आले आणि वाटले गेले.

पहिली पाच मिनिटं पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. मग बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली.

"ह्या पोरीला सैपाक येणारा पायजे म्हणं."

"असू दे. ही बघ, कागलची. हिलाबी तसाच पायजे."

"अगं, ह्या पानावर चौघींनाबी तसाच पायजे."

पुरुषांच्या बाजूला कुजबुज नव्हती, उघड बोलणं होतं. एक फेटेवाले काका पुस्तिका घेऊन थेट व्यासपीठावर आले आणि गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, पोरींनी संप केलाय काय?"

गुरुजींना काही कळलं नाही. त्यांच्यासमोर मुलांची रांग उभी होती. वेळ झाली म्हणून त्यांनी परिचयाचा कार्यक्रम सुरू केला. मुलानं माईकवर यायचं, नाव-गाव सांगायचं आणि खाली जायचं, अशी पद्धत.

पहिला मुलगा इंजिनिअर होता. त्यानं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, शिरोलीला नोकरी आहे म्हणाला. मग हातातल्या पुस्तिकेकडे बघून म्हणाला, "आणि मला चहा येतो."

"पुढची ओळ वाचा की, पावणं," बायकांतून आवाज आला.

त्यानं माईकमध्येच वाचलं, "चहा म्हणजे स्वयंपाक नव्हे." हॉल हसला. तो मान खाली घालून उतरला.

आता मागच्या मुलांना अंदाज आला होता. दुसऱ्यानं पोहे येतात म्हणून सांगितलं. तिसऱ्याला कुकर लावता येत होता, तीन शिट्ट्यांपर्यंत. चौथा मुलगा भात, वरण, दोन भाज्या असं सांगत निघाला, तेवढ्यात खालून त्याची आईच उभी राहून म्हणाली, "खोटं बोलू नगंस. तुला गॅस पेटवाय येत न्हाय."

पाचवा बँकेत होता. चष्मा, इस्त्रीचा शर्ट. तो शांतपणे म्हणाला, "मला कटाची आमटी येते."

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "कट कशाचा?"

"पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी काढायचं, त्याचा."

"खोबरं कच्चं का भाजून?"

"भाजून. कांदाही भाजून."

"चिंच का आमसूल?"

"चिंच. गूळ शेवटी."

आजी मागे वळून आपल्या सुनेला म्हणाल्या, "ह्याचं नाव लिवून घे." पंधरा-वीस पेनं बाहेर निघाली.

त्याच्यानंतर आला तो कबनूरचा मुलगा. घरचे यंत्रमाग होते. उंच, सावळा, माईकची सवय नसलेला. तो म्हणाला, "मला कायबी येत न्हाय. माग बिघडला तर दुरुस्त करतो. सैपाक कुणी शिकवला तर शिकीन. हितं खोटं सांगून जेवायच्या टायमाला काय करू?" आणि गेला. त्याचं नाव कुणी लिहून घेतलं नाही.

या वेळेपर्यंत मीही व्यासपीठाच्या कोपऱ्यात बसून हसत होते. मुलींनी एकमेकींना फोन करून हे ठरवलं असणार आणि छापखान्यात परस्पर बदलून घेतलं असणार, असं मला खरंच वाटत होतं. आपल्याला कुणी कसं सांगितलं नाही म्हणून थोडं वाईटही वाटत होतं. सहज पुस्तिका उघडून मी माझं नाव काढलं. मलाही स्वयंपाक येणारा मुलगा हवा होता. चहा म्हणजे स्वयंपाक नव्हे, असं माझंही म्हणणं होतं.

मी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडला. नाव, गाव, वय, उंची, शिक्षण. ही फील्ड ज्या त्या मुलीची होती. एकट्या अपेक्षेच्या आधी स्टॅटिक हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला होता. प्रोग्रॅम एकेक मुलगी वाचत गेला आणि प्रत्येक वेळी आधीच्या मुलीची अपेक्षा पुसून तिथंच नवीन लिहीत गेला. जागा एकच होती ना. शेवटी गडहिंग्लजची आली आणि तिची राहिली. मग छापताना ज्या मुलीला विचारावं, ती तेवढंच सांगणार. एकटीवर तपासला तेव्हा हे कळणंच शक्य नव्हतं, कारण पुसायला दुसरी मुलगीच नव्हती. परीक्षेत दहापैकी दहा मिळालेलं उत्तर मला त्या टेबलाशी बसून पहिल्यांदा समजलं.

मी गुरुजींना बाजूला बोलावून सांगितलं. मला वाटलं, ते ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे बाकीच्या पंच्याऐंशी जणींनी सांगितलेलं कुठं गेलं?"

"फाईलमध्ये आहे. छापलं नाही गेलं."

ते खुर्चीत बसले. "चौऱ्याऐंशी घरात फोन केलो मी," म्हणाले. "बापाच्या हातातनं फोन सोडवून घेतला. आणि सगळ्यांच्या तोंडी तू एकच वाक्य घातलंस."

मला रडू आलं. वडील खालून खुणा करून काय झालं विचारत होते. गुरुजी उठले आणि म्हणाले, "तूच सांग सगळ्यांना. मला ते स्टॅटिक का काय सांगता यायचं न्हाय."

मी माईकसमोर उभी राहिले. अख्ख्या हॉलला मी सांगितलं, की प्रोग्रॅममध्ये चूक झाली आहे, नाव आणि उंची ज्या त्या मुलीची आहे, पण अपेक्षा मी चुकून सगळ्यांमध्ये एकच ठेवली. माझी उंचीही चुकीची आहे हे सांगायची ती वेळ नव्हती.

फेटेवाले काका उभे राहिले. "चूक मशिनची का तुझी?"

"माझी."

"मग सैपाकाचं खरं कुणाचं?"

मी काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. हिरवी साडी, लांब वेणी, शेजारी टोपी घातलेले वडील. "माझं हाय ते," ती म्हणाली आणि खाली बसली. सगळा हॉल वळून तिच्याकडे बघत राहिला. ती समोर बघत होती.

हॉलमध्ये कुठं सुटकेचा निःश्वास ऐकू आला, तर कुठं निराशेचा. बँकेतल्या मुलाची आई म्हणाली, "म्हंजे आता आमटीचा काय उपयोग न्हाय?"

गुरुजींनी पिशवीतून वही काढली. म्हणाले, मुलांचा परिचय झाला, आता मी मुलींच्या खऱ्या अपेक्षा वाचतो. पुस्तिकेत आपापल्या हातानं दुरुस्ती करून घ्या. शाळेत हजेरी घ्यावी तसं एकेक नाव घेऊन ते वाचायला लागले. नळाचं पाणी. कमी बोलणारी सासू. हे ऐकून एक बाई म्हणाल्या, "हे आमाला लागू पडतंय," आणि त्यांचे यजमान खाकरले. बी.एड. करू द्यावं. मुलगा हसरा असावा. वाचन चालू असताना एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, माझं आधीचं वाचू नका. छापलंय तेच राहू दे." मग आणखी पाच-सहा जणी उठल्या, त्यांनाही छापलेलंच ठेवायचं होतं. गुरुजींनी प्रत्येकीच्या नावापुढे वहीत तशी नोंद केली.

माझं नाव आलं. गुरुजींनी वाचलं, "सांगेन नंतर." लोक खो खो हसले. वडिलांनी पुस्तिका तोंडासमोर धरली.

जेवणाच्या पंगतीत गडहिंग्लजची मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

"अक्का, माझं एकटीचं होतं ते. इचार करून लिवलं होतं. तू सगळ्यांच्या अंगावर चिकटवलंस."

"चुकलं माझं."

"चुकलंच." तिनं भाताला आमटी घेतली. मग म्हणाली, "मी सातवीत असल्यापास्नं अव्वा अंथरुणाला खिळून हाय. अप्पा पहाटे भाकरी करून दुकानाला जातोय. शाळेत पोरी डबा खाऊन म्हणायच्या, तुझ्या आईच्या हाताला चव हाय. मी व्हय म्हणायची. एकदाबी खरं सांगितलं न्हाय. कशाची लाज वाटायची, कुणास ठाऊक."

पलीकडच्या पंगतीत तिचे टोपीवाले वडील, अप्पा, बसले होते. ते आमटी चाखून वाढप्याला काहीतरी समजावत होते, बहुतेक मीठ कमी पडल्याचं.

"बँकेतला बघ की," मी म्हटलं. "त्याला सगळं येतंय."

"त्याला लईच येतंय. मी मीठ घातलं तर ते बरोबर घातलं का म्हणून बघंल." तिनं मान हलवली. "तो कबनूरचा मागवाला कोण, काढ बघू."

मी व्यासपीठावर गेले आणि कॉम्प्युटर चालू केला. मुलांची माहिती त्यात नव्हतीच, मग मुलांच्या छापील पुस्तिकेतूनच त्याचं पान काढून तिला दिलं. त्याच्या अपेक्षेच्या रकान्यात सुशिक्षित, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ असं होतं. ती वाचून म्हणाली, "हे त्यानं लिवलेलं न्हाय." तिनं जाऊन त्याला विचारलं. खरंच, ते त्याच्या मामानं लिहिलं होतं.

पुढचं मला गुरुजींकडून कळत गेलं. कबनूरचा मुलगा एका रविवारी एसटीनं गडहिंग्लजला गेला. लोक पोरगी बघायला जातात, याला अप्पांनी आधी स्वयंपाकघरात नेलं आणि परातीसमोर बसवलं. पहिली भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटली. अप्पा म्हणाले, फाटू दे, पीठ अजून हाय. तो पुढच्या रविवारी परत गेला. त्याच्या घरच्यांना आधी हे विचित्र वाटलं, पण तो तिसऱ्या रविवारी स्वतःहून निघाला तेव्हा त्यांनी पत्रिका छापायला टाकली. लग्नात मी गेले होते. नवरीच्या आईला, अव्वांना, खुर्चीत बसवून मांडवात आणलं होतं. नवरीनं मला बघून लांबूनच विचारलं, "अक्का, तुझं झालं का सांगून?" मी नाही म्हटलं.

मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, इन्स्टिट्यूटमध्ये मी सरांना सगळं सांगितलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी माझा प्रोग्रॅम उघडून बघितला, स्टॅटिक खोडला, त्या त्या मुलीचा ऑब्जेक्ट कसा लिहायचा ते दाखवलं आणि म्हणाले, "चूक तुमची एकटीची नाही. एकाच उदाहरणावर मीही पुढं गेलो." पुढच्या बॅचपासून ते स्टॅटिक शिकवताना शहाऐंशी मुलींची गोष्ट सांगायला लागले. माझं नाव घेत नसत, पण एवढं सांगत, की ती विद्यार्थिनी फार मन लावून शिकायची आणि तिचं अक्षर सुंदर होतं.

पुढच्या वर्षी गुरुजींनी पुन्हा काम माझ्याकडेच दिलं. मला वाटलं नव्हतं. फक्त या वेळी ते स्वतः इन्स्टिट्यूटमध्ये आले, चपला बाहेर काढल्या, माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि तीन अर्ज पुढे ठेवले. "एकीवर तपासायचं न्हाय," म्हणाले. "तिघींवर तपास. आणि तिघींची अपेक्षा वेगळी पायजे." मी तिघींवर तपासलं. तिघींचं वेगळं आलं. त्यांनी फॉन्ट चढवून घेऊन तीन वेळा वाचलं आणि मगच उठले.

मुलांच्या अर्जात त्यांनी एक नवीन रकाना घातला होता. स्वयंपाक, आणि त्यापुढे तीन चौकोन: येतो, येत नाही, शिकत आहे. भरून आलेले अर्ज आम्ही दोघांनी मिळून लावले. जवळजवळ सगळ्यांनी शिकत आहे या चौकोनात खूण केली होती. गुरुजींनी एकेक अर्ज चष्म्याजवळ धरून नीट बघितला आणि म्हणाले, "निम्म्या अर्जांवरचं अक्षर आईचं हाय." मग ते अर्ज त्यांनी वेगळे काढले, दोऱ्यानं बांधले आणि पोरांकडून पुन्हा भरून घ्यायचे म्हणून पिशवीत घातले.